पालथा त्रिकोण

चार वर्षांची भाची समोर मांडी ठोकून बसली होती आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने तिला त्रिकोण शिकवत होते. घोटीव कागदाचा, लालभडक, मी स्वतः कापलेला. "हा काय आहे?" "त्रिकोण." मी खूश. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने तो उडाला, गरकन फिरला आणि टोक तिच्याकडे करून जमिनीवर पडला.

"आणि आता?"

"आता पडला," ती म्हणाली. "उभा कर ना आत्या, मग होईल त्रिकोण."

मी हसले खरी, पण रात्री भिंतीवरचा आकारांचा तक्ता नीट पाहिला आणि हसू ओसरलं. त्यातला त्रिकोण बूड टेकून बसलेला, टोक बरोबर मधोमध, आभाळाकडे. तिच्या दोन्ही चित्रपुस्तकांतही तसाच. आपण मुलांना त्रिकोण दाखवतच नाही, त्रिकोणाचा पासपोर्ट फोटो दाखवतो. मग माणूस आडवा झोपला की ओळखू येत नाही, यात मुलाचा काय दोष?

चौरसाचं तर याहून वाईट. सरळ ठेवला तर चौकोन, जरा तिरका केला की 'पतंग'. पत्ते खेळणाऱ्या घरातलं मूल 'चौकट' म्हणेल. नेदरलँड्समधलं एक शिक्षक जोडपं, पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ, यांनी १९५७ साली आपापल्या प्रबंधांत भूमितीच्या समजेच्या पायऱ्या मांडल्या. त्यातल्या पहिल्या पायरीवरचं मूल आकार तोंडवळ्यावरून ओळखतं. बाजू किती, कोपरे किती, हा हिशेब त्याच्या गावीही नसतो. म्हणजे आमची बाई चुकत नव्हती, पहिल्या पायरीवर ऐसपैस बसली होती इतकंच.

आणि तिला तिथून उठवायला तक्ता उपयोगाचा नव्हता. छापलेला त्रिकोण जागचा हलत नाही. कागदाचा हलतो, पालथा पडतो, सोफ्याखाली जातो, कुणाच्या तरी तळव्याला चिकटून दुसऱ्या खोलीत निघतो. आणि तिथेही त्याची टोकं तीनच असतात. दुसऱ्या दिवशी मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि तो हातात दिला. तिने प्रत्येक टोक बोटाला टोचून घेतलं. "एक, दोन, तीन." मग परत एक. कुठून सुरुवात केली ते लक्षात राहीना, म्हणून सहापर्यंत गेली. शेवटी मी एका टोकावर पेनाने ठिपका दिला, तेव्हा गाडी तीनवर थांबली.

आपली भाषा इथे मदत करते आणि घोळही घालते. त्रिकोण, चौकोन, षटकोन: नावातच कोपऱ्यांची मोजणी आहे, वेगळी पाठ करायला नको. पण 'गोल' या शब्दाने आपण चेंडूही उरकतो आणि नाणंही. आणि 'चौकोन' म्हणताना मनात असतो तो फक्त चौरस. भाचीने मला कागदी चकती दाखवून विचारलं, "हा गोल आहे, तर घरंगळत का नाही?" मी ती काठावर उभी करून ढकलली. दोन वीत गेली आणि कलंडली. उत्तर अर्धवटच झालं, पण तिचं समाधान झालं.

कात्रीच्या आधी घडी, हे मला उशिरा कळलं. वर्तमानपत्राचा कसाही फाटलेला तुकडा घ्या, एकही कड धड नसलेला. एकदा कशीही घडी घाला. घडीची रेघ सरळच येते, कारण दोन सपाट भाग एकमेकांना भेटतात ते सरळ रेषेतच. आता ती घडी तिच्यावरच दुमडा, रेघेवर रेघ. तयार झालेला कोपरा काटकोन. पट्टी नाही, पेन्सिल नाही, सुताराचा गुण्या नाही. तो कागदच गुण्या झाला. आम्ही तो घेऊन घरभर फिरलो. पुस्तकाला बसला, दाराला बसला, टेबलाला बसला. भिंतीच्या एका कोपऱ्याला मात्र बसेना. मध्ये फट राहिली आणि तिने ती फट घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. घर बांधणाऱ्याला याचा पत्ता नसेल. असला तर एव्हाना उचकी लागली असेल.

कागदाच्या घडीचा हा मान नवा नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, म्हणजे मुलांची बाग. (आपल्या 'बालवाडी'तल्या वाडीतही मला बागच ऐकू येते.) त्याच्या उद्योगांमध्ये ठोकळ्यांच्या जोडीला कागद दुमडणं होतं, कातरणं होतं, पट्ट्या विणणं होतं. त्याच घडीकामावरून सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासमध्ये एक इंग्रजी पुस्तक छापलं, निव्वळ कागद दुमडून भूमिती करण्याचं. पुढे फेलिक्स क्लाइनसारख्या बड्या गणितज्ञाने त्याचा उल्लेख केला आणि ते जगभर पोचलं. बालवाडीचा खेळ थेट गणितज्ञाच्या टेबलावर! मी लहानपणी होड्या नि विमानं करत होते तेव्हा हे कुणी सांगितलं असतं, तर अभ्यास सोडल्याबद्दल बसलेले दोन धपाटे तरी वाचले असते.

कात्री आली की मात्र क्रम उलटा होतो. पेन्सिलने मूल आधी गोल काढतं, साधारण तिसऱ्या वर्षी. चौरस चौथ्याच्या आसपास आणि त्रिकोण पाचव्याच्या सुमाराला. तिरक्या रेघा हाताला जड जातात. कागदात त्रिकोण सगळ्यात सोपा. चौरसाचा कोपरा समोरच्या कोपऱ्यावर ठेवायचा, घडी कापायची, दोन त्रिकोण हातात. गोलाने मात्र रडवलं. मूल कात्री फिरवायला जातं, मनगट वळून वळून कोपर कानाशी येतं. युक्ती एवढीच की कात्रीने सरळ चालायचं, फिरायचं कागदाने. हे मी तिला शंभरदा सांगितलं. मग गप्प बसून तिच्या डाव्या हातातला कागद मीच हळूहळू फिरवत राहिले, तेव्हा एका फटक्यात जमलं. डावखुऱ्या मुलांचं दुखणं आणखी वेगळं. नेहमीच्या कात्रीत वरचं पातं त्यांच्या नजरेआड रेघ झाकतं आणि आपण म्हणतो, याचा हातच वळत नाही.

गोलाला एक आडवाटही आहे. चौरस कागद दुमडून चौथाई करा, मग मध्याचं टोक धरून तिरका दुमडा, की हातात निमुळती पाचर येते. टोकापासून दोन्ही कडांवर सारखं अंतर ठेवून एक सरळ काप मारा आणि उलगडा: अष्टकोन. पाचर आणखी एकदा दुमडून कापली, तर सोळा बाजू. ते पाहून ती ओरडली, "गोल झाला!" मी म्हटलं, "झाला नाही, होत आलाय." आर्किमिडीज याच वाटेने ९६ बाजूंपर्यंत गेला होता आणि त्यातून त्याने 'पाय'ची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ व्यासाच्या किती पट असतो त्या संख्येची) किंमत दोन आकड्यांच्या बेचक्यात पकडली. आमची कात्री सोळा पदरांतच अडकली, शिवाय जेवायला हाक आली.

रद्दीतला ए-फोर कागदही पोटात गंमत ठेवून असतो. २१० मिलिमीटर रुंद, २९७ उंच. आखूड बाजू लांब बाजूवर तिरकी आणून दुमडली की चौरस सुटतो आणि ८७ मिलिमीटरची पट्टी उरते. त्या पट्ट्यांचे आम्ही रेल्वेचे डबे करतो. पण पट्टी न कापता कागद मधोमध अर्धा केला, तर निघणारा आयत मूळ आयताचाच धाकटा भाऊ, उंची-रुंदीचं प्रमाण तेच. पुन्हा अर्धा, पुन्हा तेच. ही मापं १९२२ साली जर्मनीत ठरली, ती मुद्दाम याच गुणासाठी. भाची त्यांना एकात एक ठेवून "आजोबा, बाबा, बाळ" म्हणते. चौरस हाही एक आयतच असतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. एका महिन्यात माणसाच्या डोक्यावर किती भार टाकायचा!

परवा मी आकार कापून घेतले आणि उरलेला कागद चुरगळून टाकणार, तेवढ्यात तिने तो ओढून घेतला. त्याला आता त्रिकोणाचं, चौरसाचं, गोलाचं भोक होतं. "ही त्यांची घरं," तिने जाहीर केलं आणि एकेकाला घरी पाठवायला लागली. चौरस कसाही फिरवला तरी चार तऱ्हांनी आत बसला, पालथा घातला तर आणखी चार. आयत नुसता फिरवून दोनच तऱ्हांनी. त्रिकोण खरा तर तीन तऱ्हांनी बसायला हवा होता, पण माझ्या हातून तिन्ही बाजू सारख्या कापल्या गेल्या नव्हत्या, म्हणून तो एकाच तऱ्हेने शिरला. तिने तो फिरवला, उलटा केला, टोक खाली, टोक बाजूला, आणि बसेपर्यंत एकदाही "पडला" म्हणाली नाही.

मग गोल. तो पहिल्याच खेपेला बसला. तिने बोटाने थोडा फिरवला, तरी बसलेलाच. आणखी फिरवला, तरी तेच. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आत्या, याचं दार कुठल्या बाजूला आहे गं?"