वेल-सेटल्ड

वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'अपेक्षा' नावाचा रकाना असतो. मुलीकडचे त्यात 'निर्व्यसनी' आणि 'वेल-सेटल्ड' हे दोन शब्द न चुकता लिहितात. निर्व्यसनीचा अर्थ तरी ठरलेला आहे, सुपारीचं खांड चालतं का एवढाच काय तो वाद. वेल-सेटल्डचा मात्र दर पिढीला बदलतो.

कोर्टात हा शब्द कायद्याला लागतो. अमुक तत्त्व वेल-सेटल्ड आहे, असं निकालपत्रात आलं की त्यावर पुन्हा वाद घालायचा नाही. माझी मावशी जावयाबद्दल बोलते ती याच सुरात.

पूर्वी सरकारी नोकरी म्हटलं की विषय संपायचा, कारण मागे पेन्शन उभी असे. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली आणि तो खांब हलला. मग आयटीवाले आले, स्वतःचा टू बीएचके आला. त्याचे हप्ते वीस वर्षं फेडायचेत, पण त्याने काही बिघडत नाही. त्याच्याही वरचा मान अमेरिकेतल्या मुलाला. त्याचा एच-वन-बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, एरवी वाढून सहाचा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम साठ दिवस. आणि पणजोबांपासून एकाच गटनंबरात नांदणारा, विहीर-बागायत असलेला मुलगा? तो अजून सेटल व्हायचाय!

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. मुलींची संख्या घटली म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी रास्तच होती. 'अपेक्षा'च्या रकान्याविरुद्ध मात्र निवेदन कुठल्या कार्यालयात द्यायचं?

ब्रिटनच्या सरकारने निदान एक पायरी जास्त ठेवली. ब्रेक्झिटनंतर तिथे राहू पाहणाऱ्या युरोपीय नागरिकांपैकी सलग पाच वर्षं काढलेले 'सेटल्ड' ठरले, त्याहून कमी काढलेले 'प्री-सेटल्ड'. आपल्या मंडळांनी ही सोय खुशाल उचलावी. प्रोबेशनवर असलेले, सीएचा एकच ग्रुप राहिलेले, एमपीएससीची मुख्य परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारे, सगळ्यांची त्यात सोय लागेल. "मुलगा प्री-सेटल्ड आहे हो," असं मुलाच्या आईला पोह्यांची बशी हातात घेऊन ताठ मानेने सांगता येईल.