कॅसोवरीची नोंदवही, सहावा महिना: विष्ठेतले रुद्राक्ष

मंडळी, कॅसोवरी म्हणजे इथल्या पर्जन्यवनातला भलामोठा, उडता न येणारा पक्षी. पाच महिन्यांत मला तो दोनदाच दिसला होता, तोही एटी बेच्या किनाऱ्यावर, जिथे येणाऱ्या कोणालाही तो दिसतो. या महिन्यात पद्धत बदलली. पक्षी शोधणं थांबवलं आणि जमिनीकडे बघायला लागलो.

ईशान्य ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सहून गाडीने दोन तासांवर मिशन बीच. तिथल्या जिरू राष्ट्रीय उद्यानात लेसी क्रीकची छोटी पायवाट आहे. सप्टेंबरचे चारही शनिवार पहाटे तिथेच. पहिल्याच शनिवारी ओढ्याकाठी ताजी विष्ठा सापडली. जेवणाच्या ताटाएवढा जांभळट ढीग, आणि वास घाणीचा नव्हे, आंबत आलेल्या फळांचा. काहीही न उचलता, काडीने बाजूला सारत बिया मोजल्या. ३७ भरल्या.

त्यातल्या निम्म्याहून जास्त ब्लू क्वानडाँग नावाच्या झाडाच्या. याची फळं निळ्याशार गोट्यांसारखी, झाडाखाली सडा पडलेला असतो. काडीने एक बी उलटी केली, गर धुऊन गेलेला होता, आणि समोर होता सुरकुतलेला, खडबडीत मणी. आजीच्या जपमाळेतला मणीच जणू. घरी येऊन पुस्तक उघडलं तर नातं खरंच निघालं: क्वानडाँग इलिओकार्पस वंशातलं, आपला रुद्राक्षही त्याच वंशातला. त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

बिया इतक्या शाबूत कशा? कॅसोवरी फळ अख्खं गिळतो. त्याचं आतडं आखूड असतं, गर तेवढा पचतो आणि बी जशीच्या तशी बाहेर पडते, तीही मूळ झाडापासून दूर आणि खतासकट. २०० हून अधिक जातींच्या वनस्पतींची फळं तो खातो. कण्हेरीच्या कुळातलं, माणसाला विषारी असलेलं कॅसोवरी प्लमसुद्धा. रायपारोसा नावाच्या दुर्मिळ झाडावर झालेला प्रयोग तर मला पाठच झालाय: पक्ष्याच्या पोटातून न गेलेल्या बिया रुजल्या ४ टक्के, पोटातून गेलेल्या ९२ टक्के. मोठ्या बियांची कितीतरी झाडं दूरवर पोचवणारा दुसरा कोणी या जंगलात उरलेला नाही. वेट ट्रॉपिक्समध्ये, म्हणजे इथल्या पर्जन्यवनांच्या पट्ट्यात, हे पक्षी आता जेमतेम ४,००० च्या आसपास आहेत आणि गाड्या, कुत्री, तुटत चाललेलं जंगल सगळं त्यांच्या मुळावर आलंय.

तिसऱ्या शनिवारी एका क्वानडाँगच्या झाडापासून बऱ्याच अंतरावर बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी छातीत काहीतरी घुमल्यासारखं झालं. कानाला धड ऐकू येईना, बरगड्यांना मात्र कळत होतं. कॅसोवरीचा हुंकार ३२ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो, माणसाच्या श्रवणाच्या अगदी तळाला. फोनवर रेकॉर्ड केलं, पण त्यात फक्त किडे आले.

मग तो आला. मागे तीन पिल्लं, बदामी अंगावर गडद तपकिरी पट्टे. पिल्लं सोबत म्हणजे नर हे नक्की, कारण मादी तीन ते पाच हिरवी अंडी घालून निघून जाते. सुमारे ५० दिवस अंडी उबवायची आणि पुढे कित्येक महिने पिल्लं सांभाळायची, हे सगळं बापाकडे. दुर्बिणीतून पिसं बघितली, तर पिसं वाटतच नाहीत, राठ काळे केस वाटतात. पंखांच्या जागी विणकामाच्या सुयांसारख्या चारपाच उघड्या काड्या. त्याने एक निळं फळ चोचीत उचललं, गिळलं नाही, पिल्लापुढे टाकलं. पिल्लाच्या चोचीत ते मावेना. पिल्लू ते गोटीसारखं ढकलत राहिलं आणि बाप मान वाकवून बघत उभा राहिला. हा एक मिनिट मिळाला, सहा महिने सार्थकी लागले.

मग त्याला माझी चाहूल लागली. मान ताठ, नजर थेट माझ्यावर. आतल्या बोटाची नखी १२ सेंटिमीटरपर्यंत असते, हे अशा वेळी बरोब्बर आठवतं. सॅक पोटापुढे धरली, पाठ न फिरवता एकेक पाऊल मागे घेतलं, मध्ये झाड येईल असं बघितलं. तो तिथेच थांबला. पळू नका, हे नव्याने येणाऱ्यांना पुन्हा सांगतो.

आणि हात जोडून सांगतो, खायला घालू नका. एटी बेला एकाने केळं पुढे केलेलं मी पाहिलंय. माणसांवर झालेल्या १५० हल्ल्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीन चतुर्थांश हल्ले माणसांनी खायला घातलेल्या पक्ष्यांचे होते. चटक आपण लावतो आणि जीव त्याचा जातो.

आता आवाजासाठी खालच्या पट्टीपर्यंत पोचणारा रेकॉर्डर बघतोय. ३७ पैकी ३१ बिया ओळखल्या. राहिलेल्या सहा एकाच जातीच्या दिसतात: चपट्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या, एका कडेला खाच असलेल्या. या भागातली झाडं जाणणारं कोणी असेल तर जरूर कळवा.