समुद्र नसलेल्या देशातलं मीठ

ला पाझहून रात्रभर प्रवास करून बस उयुनीला पोचली तेव्हा काचेवर आतल्या बाजूने बर्फ धरला होता. जुलै महिना, म्हणजे बोलिव्हियात ऐन हिवाळा. उंची साधारण ३,६५० मीटर. विरळ हवेने माझं डोकं ठणकत होतं, आणि घरून नेलेली चिवड्याची पाकिटं उशीसारखी टम्म फुगली होती.

उयुनीहून जीपने निघून तिसऱ्या दिवशी चिलीतल्या सान पेद्रो दे आताकामाला पोचायचं, असा बेत होता. जुनी लँड क्रूझर, आम्ही सहा अनोळखी माणसं, टपावर इंधनाचे कॅन, बॅगा आणि ताडपत्री. ड्रायव्हरला तिकडे 'माएस्ट्रो' म्हणतात. आमच्या माएस्ट्रोच्या गालात कोकाच्या पानांचा गोळा होता. मला आधी वाटलं, तंबाखूचा बार भरलाय! त्यात भर म्हणजे पानांबरोबर तो राखेच्या काळ्या वडीचा तुकडाही दाताखाली धरायचा. तंबाखूला चुना, तशी कोकाला राख. डोकेदुखीवर त्याने मलाही चिमूटभर पानं दिली. चव वाळलेल्या गवतासारखी. थोड्या वेळाने जीभ बधिर झाली. डोकं मात्र दुपारपर्यंत दुखतच होतं.

गावाबाहेर गंजलेल्या वाफेच्या इंजिनांची रांग आहे. खाणीतला माल आन्तोफागास्ता बंदरापर्यंत नेणारा लोहमार्ग १८८९ मध्ये उयुनीला पोचला. पण तोवर ते बंदर बोलिव्हियाचं राहिलं नव्हतं. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने बोलिव्हियाची सगळी किनारपट्टी घेतली. तरी या देशाला आजही नौदल आहे, ते तितिकाका सरोवरात सराव करतं. दर २३ मार्चला 'समुद्र दिन' पाळला जातो. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला, की चिलीवर समुद्रमार्गाबाबत वाटाघाटी करण्याचं बंधन नाही. विषय काढला तेव्हा माएस्ट्रो एवढंच म्हणाला, "एल मार एस नुएस्त्रो." समुद्र आमचा आहे.

कोल्चानी या गावात जीप थांबली आणि मी पाचवीसहावीत पोचलो. आमचं घर उरणचं. शाळेच्या वाटेवर मिठागरं होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून राशी घालायच्या आणि पाऊस यायच्या आत त्या झाकायला धावायचं. कोल्चानीतही अगदी तशाच राशी, गुडघ्याएवढ्या, रांगेने. पण भरती कुठे आहे? हजारो वर्षांपूर्वी इथे अवाढव्य सरोवरं होती. डोंगरांवरून पाणी क्षार घेऊन उतरायचं, पण अँडीजच्या दोन रांगांमध्ये अडकल्यामुळे त्याला समुद्राकडे वाटच नव्हती. पाणी आटलं, मीठ राहिलं. एका शेडमध्ये एक मावशी आयोडीन घातलेलं मीठ प्लास्टिकच्या पिशवीत भरून, गॅसच्या छोट्या ज्योतीवर पिशवीची कड धरून ती बंद करत होती. हात इतका सफाईने चालायचा की ज्योत हलायचीही नाही. बोटांना मात्र भेगा पडलेल्या. मिठागरातल्या माणसांचे हात मी ओळखतो. अर्ध्या किलोची एक पिशवी घेतली.

पुढे सालार, म्हणजे मिठाचं मैदान; स्पॅनिशमध्ये 'साल' म्हणजे मीठ. दहा हजार चौरस किलोमीटरहून जास्त मीठ, आणि एवढ्या पसाऱ्यात चढउतार जेमतेम एक मीटरचा; म्हणून उपग्रहांची उंचीमापक उपकरणं इथे तपासून घेतात. कोरड्या ऋतूत जमीन षटकोनी तुकड्यांत तडकलेली असते, कडा किंचित वर आलेल्या. बूट पडला की करकर. एका जागी कवचाला भोकं होती आणि खालून थंडगार पाणी बुडबुडत होतं. म्हणजे आपण जमिनीवर नव्हे, सायीवर चाललोय! इन्काउआसी नावाच्या टेकडीवर माणसाच्या कितीतरी पट उंच निवडुंग आहेत, आणि पायाखाली प्रवाळासारखे खडबडीत दगड. हे जुन्या सरोवरातलं बेट होतं याचा पुरावा.

दुसरा दिवस सरोवरांचा. सगळी सांगत बसत नाही, चौथ्यानंतर मीही मोजणं सोडलं होतं. पण लागुना कोलोरादा वेगळं. शेवाळामुळे विटेसारखं लाल पाणी, मध्ये टाकणखाराचे पांढरे पट्टे आणि त्यात चोच उलटी करून चरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. तिथे त्यांच्या तीन जाती एकत्र दिसतात. वारा इतका, की फोटो काढायला हातमोजा काढला आणि दोन मिनिटांत बटण दाबता येईना. रात्री मुक्कामी क्विनोआचं गरम सूप मिळालं. उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी दगड झाली होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. सोल दे मान्याना इथे जवळजवळ ४,९०० मीटरवर राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत होता. तिथून लिकांकाबूर ज्वालामुखीच्या पायथ्याशी सरहद्द. बोलिव्हियाची चौकी म्हणजे एक साधी खोली. पलीकडे चिलीचा गुळगुळीत डांबरी रस्ता, तासाभरात दोन हजार मीटर उतरवणारा.

चिलीच्या तपासणीत फळं, बिया, पानं काही चालत नाही. माझी उरलेली कोकाची पानं डब्यात गेली, चिवडाही गेला. मग अधिकाऱ्याने मिठाची पिशवी वर धरली, उजेडात फिरवून पाहिली.

"साल?"

"साल," मी म्हटलं. "कोल्चानी."

त्याने ती परत माझ्या बॅगेत ठेवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.