‘आमचा प्रोग्राम फक्त वाचतो’ : अडकलेल्या ऑटोव्हॅक्यूमचा माझा अनुभव

“आमचा प्रोग्राम डेटा फक्त वाचतो, लिहीत नाही. त्यामुळे तुमची डिस्क भरण्याशी आमचा संबंध नाही.” हिशेबाचा रिपोर्ट प्रोग्राम देणाऱ्या पुरवठादाराकडून हे उत्तर मला २२ दिवसांत चार वेळा लेखी आलं. आज सगळं सुरळीत आहे, तरी हे वाक्य आठवलं की अजूनही चिडचिड होते. ज्यांच्याकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि टेबल विनाकारण फुगतंय, त्यांचे तरी एवढे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

मी इंदूरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत डेटाबेस सांभाळते. ऑफिस पलासियाला, गोदाम देवास नाक्याला. पार्सल बुक झालं की बिल्टी निघते आणि पुढे प्रत्येक गोदामात स्कॅन झालं की त्या पार्सलची ओळ बदलते. चढलं, उतरलं, पोचलं, सही झाली, असं एका पार्सलमागे दहा-बारा वेळा. राखीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऐन गर्दीत, गोदामातल्या काकांचा फोन आला, “ताई, बिल्टी नंबर टाकला की नुसतं गोल गोल फिरतंय. बाहेर गाड्या उभ्या आहेत.” जिथे डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर यायचं, तिथे १४ सेकंद लागत होते.

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी ओळ जागच्या जागी पुसली जात नाही. जुन्या मुनिमांच्या वहीसारखं समजा. चुकीची नोंद खोडायची आणि खाली नवी लिहायची. खोडलेल्या ओळी ८ केबीच्या पानांवर तशाच पडून राहतात. आधीपासून चालू असलेल्या एखाद्या ट्रान्झॅक्शनला (एकत्र सुरू होऊन एकत्र संपणाऱ्या कामांच्या गटाला) त्या अजून दिसायला हव्यात, म्हणून ही सोय आहे. त्या कोणालाच लागत नाहीत असं ठरलं की ऑटोव्हॅक्यूम येऊन ती जागा नव्या ओळींसाठी मोकळी करतं. २००५ च्या ८.१ आवृत्तीपासून ते पोस्टग्रेसच्या आतच आहे आणि ८.३ पासून आपोआप चालू असतं.

आमच्याकडे ते चालू होतं. तरीही १२ लाख जिवंत ओळींच्या टेबलात ६० लाख मेलेल्या ओळी होत्या. पहिला सल्ला मिळाला तो असा, की ऑटोव्हॅक्यूमच सर्व्हरवर ताण टाकतंय, ते बंद करा. कृपा करून हे कधीही करू नका. ट्रान्झॅक्शनचे आकडे सुमारे २०० कोटींच्या पुढे वापरात राहू शकत नाहीत, म्हणून जुन्या ओळी ‘गोठवाव्या’, म्हणजे कायमच्या जुन्या अशी खूण कराव्या लागतात आणि हे कामही ऑटोव्हॅक्यूमच करतं. तुम्ही बंद केलंत तरी टेबलाचं वय २० कोटी ट्रान्झॅक्शनपर्यंत पोचलं की ते स्वतः उठून येतं, आणि तेव्हा साचलेलं सगळं एकदम उपसावं लागतं.

मी हाताने व्हॅक्यूम व्हर्बोज, म्हणजे तीच सफाई तपशीलवार अहवालासह, चालवलं. काढलेल्या ओळी शून्य. पुढे लिहिलं होतं की साठ लाखांवर मेलेल्या ओळी ‘अजून काढता येत नाहीत’. हे ‘अजून’ दिसलं की टेबलाकडे बघणं थांबवा आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी ही चालू जोडण्यांची यादी उघडा. तिथे बॅकएंड_एक्समिन (जुन्या ओळी कुठपासून धरून ठेवल्यात ते सांगणारा) हा रकाना भरलेली सेशन्स, म्हणजे जोडण्या, घ्या आणि ती एक्सॅक्ट_स्टार्टप्रमाणे (ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ) जुनी आधी अशी लावा. माझ्याकडे सगळ्यात वर एक सेशन होतं, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. सुरू झालेलं १६ दिवसांपूर्वी सकाळी ९ वाजून ४२ मिनिटांनी. शेवटची क्वेरी भाड्याची एक साधी बेरीज. ती कधीच संपली होती, पण ट्रान्झॅक्शन कोणी बंदच केलेलं नव्हतं.

हे सेशन हिशेबाच्या रिपोर्ट प्रोग्रामचं. तो बाहेरच्या एका पुरवठादाराकडून घेतलेला आहे आणि त्यांच्याच मशीनवर चालतो, त्यामुळे आमच्याकडून त्या प्रोग्रामची खिडकी बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. एका रिपोर्टातल्या सगळ्या बेरजा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून त्यांनी रिपीटेबल रीड (ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत डेटा एकाच क्षणाचा दिसण्याची सोय) लावलं होतं. ते योग्यच आहे. पण रिपोर्ट झाल्यावर कमिट, म्हणजे ट्रान्झॅक्शन संपवणारी आज्ञा, नव्हतं.

सेशन तोडणं माझ्या हातात होतं, एका ओळीचं काम. पण करारात कलम होतं की त्यांच्या जोडणीला हात लावला तर सपोर्ट बंद. महिन्याची रिटर्न त्याच प्रोग्राममधून निघतात, त्यामुळे शेठनी स्पष्ट सांगितलं, “आधी त्यांची लेखी परवानगी आणा.” त्यांचंही चूक नव्हतं.

आणि इथे माझे २२ दिवस गेले. त्यांच्या तक्रार अर्जात तीनच प्रकार होते : प्रोग्राम उघडत नाही, आकडे चुकतात, प्रिंट येत नाही. चौथा ‘इतर’. मी ‘इतर’ भरला, तर दोन दिवसांनी अर्ज परत आला, कारण ‘इतर’ला कंपनीच्या लेटरहेडवर मालकांची सही आणि शिक्का लागतो. शेठ उज्जैनला गेले होते. ते आल्यावर सही घेतली, अर्ज गेला आणि उत्तर आलं, “आमचा प्रोग्राम फक्त वाचतो.” मी लिहिलं की वाचण्यानेही जुन्या ओळी धरून ठेवल्या जातात. त्यावर उत्तर, “आमचा प्रोग्राम पार्सलचं टेबल वाचतही नाही. भाड्याचं वाचतो.” तांत्रिक माणसाशी बोलू द्या म्हटलं, तर पुन्हा अर्ज, पुन्हा पहिलं वाक्य. फोनवरचे सगळे नम्रपणे बोलायचे, पण ऐकून कोणीच घेत नव्हतं. आपण बरोबर आहोत हे माहीत असताना रोज तेच समजावत बसणं किती थकवतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

एवढ्या काळात ऑटोव्हॅक्यूम दर मिनिटाला उठायचं, मेलेल्या ओळी मर्यादेच्या वर आहेत हे बघून पुन्हा टेबल चाळायला घ्यायचं आणि काहीही न काढता परत जायचं. डिस्कवर तो ताण वेगळाच. गोदामात काकांनी बिल्ट्या हाताने लिहायला सुरुवात केली होती. त्यांना फोन करताना मला अपराधी वाटायचं.

शेवटी कामी आला तो पाच मिनिटांचा प्रयोग. तुमच्यावर ही वेळ आली तर पत्रव्यवहाराआधी हाच करा. एक रिकामा चाचणी डेटाबेस घेतला, त्यात दोन टेबलं. पहिल्या खिडकीत रिपीटेबल रीडने ट्रान्झॅक्शन सुरू करून पहिल्या टेबलावर एक सिलेक्ट चालवलं. नुसतं बिगिन पुरत नाही, पहिली क्वेरी चालल्यावरच स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाचं चित्र) घेतला जातो. दुसऱ्या खिडकीत दुसऱ्याच टेबलातल्या १ लाख ओळी अपडेट केल्या आणि व्हॅक्यूम व्हर्बोज चालवलं. काढलेल्या शून्य, अडकलेल्या १ लाख. मग पहिल्या खिडकीत कमिट आणि पुन्हा व्हॅक्यूम. आता काढलेल्या १ लाख. मुद्दा एवढाच की त्या डेटाबेसमधलं सगळ्यात जुनं उघडं ट्रान्झॅक्शन सगळ्याच टेबलांची सफाई रोखतं. ते पुढे कोणतं टेबल मागेल हे पोस्टग्रेसला आधी कळत नाही, म्हणून ते सगळंच जपून ठेवतं. याची स्क्रीन रेकॉर्ड करून मी पाठवली. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, “नवीन आवृत्ती टाकली आहे.” प्रत्येक रिपोर्टनंतर कमिट घातलं होतं. त्या रात्री ऑटोव्हॅक्यूमने कोणी न सांगता सगळ्या मेलेल्या ओळी साफ केल्या. सकाळी तो आकडा बघून मला रडू आलं.

पण फाइलचा आकार जवळपास तेवढाच राहिला, १४ जीबी. साधं व्हॅक्यूम जागा पुन्हा वापरासाठी मोकळी करतं. डिस्कला परत देतं ती फक्त शेवटची रिकामी पानं. व्हॅक्यूम फुल टेबल नव्याने लिहितं, पण ते होईपर्यंत टेबलाला पूर्ण कुलूप, म्हणून मी पीजी_रीपॅक हे वेगळं साधन घेतलं. ते शेजारी नवं टेबल बांधतं, दरम्यान झालेले बदल ट्रिगरने टिपतं आणि शेवटी अदलाबदलीपुरतं थोडा वेळ कुलूप लावतं. टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) किंवा नल (रिकामी किंमत) नसलेला युनिक इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) हवा, आणि टेबल व इंडेक्स मिळून जेवढे आहेत त्याच्या दुप्पट मोकळी जागा ठेवायला सांगतात. जुने बॅकअप हलवून मी ती केली. अनंत चतुर्दशीची रात्र निवडली. गिरण्यांच्या झांक्या (देखाव्यांच्या गाड्या) निघतात, रस्ते बंद असतात, गोदामही लवकर मिटतं. घरचे राजवाड्याकडे झांक्या बघायला गेले आणि मी रामबागेतल्या घरी लॅपटॉपसमोर. १४ चे दीड जीबी झाले.

रीपॅकच्या आधी करायची एक गोष्ट : फिलफॅक्टर. तो मुळात १०० असतो, म्हणजे पानं काठोकाठ भरतात. आमचं टेबल सतत बदलणारं, म्हणून मी ८५ केला. पानात थोडी जागा राहिली की बदललेली ओळ त्याच पानात बसते आणि इंडेक्सना हात लावावा लागत नाही. मात्र बदलणाऱ्या रकान्यावर इंडेक्स असेल तर याचा उपयोग नाही. आमच्या ‘स्थिती’ रकान्यावर एक होता आणि तो कोणतीच क्वेरी वापरत नव्हती. मी तो काढला. रीपॅक नव्या टेबलाला फिलफॅक्टर लावूनच बांधतं, म्हणून क्रम महत्त्वाचा.

ऑटोव्हॅक्यूमची मर्यादाही त्या टेबलापुरती बदलली. मूळ हिशेब ५० ओळी अधिक टेबलाचे २० टक्के, म्हणजे आमच्यासाठी २,४०,०५०. मी २ टक्के केले, म्हणजे २४,०५०. दिवसात एकदाही जेमतेम होणारी सफाई आता अनेकदा, थोडी थोडी होते आणि ती चाललीय हे गोदामात कळतही नाही. रिपोर्टच्या रोलला (डेटाबेसमधल्या खात्याला) आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट १० मिनिटं लावला आहे, म्हणजे ट्रान्झॅक्शन तेवढा वेळ नुसतं उघडं राहिलं तर सेशन तुटतं, या वेळी त्यांच्या लेखी संमतीने. तो रोलवर लावला की नव्या जोडण्यांनाच लागू होतो, चालू सेशनला नाही.

हो, आणि पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत कोणीच जुनं सापडलं नाही तर आणखी दोन ठिकाणी बघा. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्समध्ये वापरात नसलेला एखादा स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पाठवण्यासाठीची नोंद) राहिलाय का, आणि पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्समध्ये कोणी अर्धवट सोडलेलं ट्रान्झॅक्शन आहे का. ही दोन्ही सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला तरी जात नाहीत.