सुरकुत्यांची वाट

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. जुलैमध्ये एका सकाळी दूध घेऊन वर येताना ओल्या पायरीवरून पाय सटकला. दुधाची पिशवी शाबूत राहिली, घोटा मोडला. एक्सरेत दोन्ही बाजूंची हाडं तुटलेली. प्लेट आणि स्क्रू घालायचं लगेच ठरलं, पण ऑपरेशन मात्र आठ दिवसांनी, कारण सूज. पाय दुधी भोपळ्यासारखा टम्म, कातडी नुसती चकाकत होती. डॉक्टर सर म्हणाले, अशा ताणलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम नीट भरत नाही. आधी सूज उतरू दे, त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसू देत, मग करू. पन्नाशी उलटल्यावर सुरकुत्यांची इतकी वाट बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

ऑपरेशनच्या वेळी भुलीबरोबर पाय बधिर करायचं इंजेक्शनही दिलं होतं. संध्याकाळी नर्स गोळी घेऊन आली तेव्हा मी शहाणपणा केला, ‘‘काही दुखत नाहीये, कशाला उगाच?’’ पहाटे तीनला बधिरपणा उतरला आणि मग जे सुरू झालं ते गोळी घेतल्यावरही तासभर आवरेना. तेव्हापासून गोळी घड्याळाप्रमाणे, दुखो न दुखो. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी आणि अगदीच असह्य झालं तर दुसरी, जास्त कडक. त्या दुसरीने मळमळायचं आणि पोट असं गच्च व्हायचं की इसबगोलाची पुडी आणावी लागली. हे कुणी आधी सांगत नाही.

‘‘एक ते दहात किती दुखतंय?’’ असं नर्स विचारायची. मला आकडा सांगताच यायचा नाही. आपल्याकडे दुखण्याला शब्द काय कमी आहेत? हळूहळू मी ते वेगळे ओळखायला शिकले. ठणका म्हणजे पाय खूप वेळ खाली राहिला, वर घेतला की अर्ध्या तासात निवतो. कळ म्हणजे झोपेत पाय हलला. जखमेच्या कडेला रात्री होणारी आग आणि मध्येच येणारी चमक बहुतेक नसांची, असं सरांनी सांगितलं. ती आपोआप विरत जाते. आणि रग लागते ती नुसतं पडून राहून, दुखऱ्या नव्हे, धड पायाला.

एक दुखणं मात्र यात बसेना. घरी आल्यावर दुसऱ्या रात्री पाय वर होता, गोळी घेतलेली होती, तरी ठणका वाढतच चालला. बोटांना मुंग्या आल्या, रंग काळसर दिसायला लागला. ह्यांनी सकाळची वाट न बघता वॉचमनला हाक मारली आणि मला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट खाली आणि तिथून हॉस्पिटलात नेलं. स्लॅबवरचं, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या अर्ध्या प्लास्टरवरचं, क्रेप बँडेज आवळलं होतं. सैल केल्याबरोबर बोटांत रक्त आल्यासारखं वाटलं. तसं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, एवढं मी ठणकावून सांगेन.

आता पाय वर ठेवणे. डिस्चार्जच्या कागदावर ‘पाय उंच ठेवा’ एवढंच होतं. मी आठवडाभर सोफ्यावर बसून पाय स्टुलावर ठेवत होते आणि सूज का उतरत नाही म्हणून कुढत होते. उंच म्हणजे छातीपेक्षा उंच! म्हणजे आडवंच पडायला हवं. आम्ही जुन्या गादीची वळकटी केली, वर दोन उशा ठेवल्या. पोटरीला आधार आणि टाच अधांतरी, नाहीतर टाच दबून तिथे जखम व्हायची. बर्फाऐवजी मटारचं पाकीट नॅपकिनात गुंडाळून वीस मिनिटं. सासूबाईंनी त्या मटाराची उसळ करायला साफ नकार दिला, ते पाकीट फ्रीजरमध्ये आजही आहे.

खरी पंचाईत गणपतीत झाली. तिसरा मजला वॉकरवर जमत नाही म्हणून मी घरातच, माझा पलंग हॉलमध्ये आणि मखर समोरच्या भिंतीला. म्हणजे माझे पाय थेट देवाकडे, तेही वळकटीवर उंच केलेले! ज्या सासूबाईंनी तीस वर्षांत देवघराकडे कुणाला पाय पसरू दिला नाही, त्यांच्यासमोर. मीच म्हटलं, आई, मी बसतेच ना. बसलेही. पाय खाली सोडून तासभर मोदक वळले, एकवीस पुरे केले. आरतीपर्यंत पाऊल जांभळं आणि ठणका थेट गुडघ्यापर्यंत. सासूबाईंनी एकदा पायाकडे बघितलं आणि कुणाला काही न विचारता ह्यांना आणि दिराला हाक मारली, ‘‘पलंग फिरवा.’’ दीड दिवस मी दाराकडे पाय करून झोपले. येणारा प्रत्येक जण आधी माझ्या तळव्याला नमस्कार केल्यासारखा वाकून आत येत होता.

बघायला येणाऱ्यांचं तेवढं सांगते. प्रेमाने येतात, पण आपण शिष्टाचार म्हणून उठून बसतो आणि दोन तास पाय खालीच राहतो. तिसऱ्या पाहुण्यानंतर मी निर्लज्ज झाले, पडून गप्पा मारायला लागले. शेजारच्या काकू तेल चोळायला सरसावल्या होत्या, त्यांना टाक्यांचा फोटो दाखवला.

दोन आठवड्यांनी टाके काढले, सहा आठवडे पाय टेकवायचा नव्हता. जिना उतरायचा तो बसून, एकेक पायरी. आता चालते. मागच्या रविवारी तलावपाळीला अर्धी फेरी मारली, मग बाकावर बसून भेळ खाल्ली. पण संध्याकाळी सूज येतेच. सहा महिने, कधी वर्षही लागतं म्हणाले सर.

त्या पायातलं जोडवं ऑपरेशनआधी काढलं होतं. ते रोज सकाळी घालून बघते. हल्ली जातं. रात्री साबण लावून काढावं लागतं.