मांडवी ते माझगाव

रविवार, रात्र

मुंबईतल्या ज्यूंच्या संस्था पाहायच्या म्हणून आज काळाघोड्यालाच दिवस घालवला. ओळखीतल्या एका सभासदांनी डेव्हिड सॅसून लायब्ररीत नेलं. १८४७ साली टाकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण नोकरदारांनी सुरू केलेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट ती हीच. पुढे १८७० साली ती मालाडच्या पिवळसर दगडाच्या या इमारतीत आली. दारातून आत शिरलं की संगमरवरी डेव्हिड सॅसून, अंगात पायघोळ झगा आणि डोक्याला पागोटं. हा ज्यू व्यापारी बगदाद सोडून १८३२ च्या सुमारास मुंबईत आला आणि पुढच्या दोन पिढ्यांत त्याच्या घराण्याने शहराला गोदी दिली, वाचनालय दिलं, माहीमला मुलांची औद्योगिक शाळा दिली. वरच्या गॅलरीतल्या लांब आरामखुर्च्यांवर लोक पेपर तोंडावर घेऊन निवांत झोपले होते. खाली रहदारीचा गोंगाट होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

लायब्ररीमागे दोन वळणं घेतली की केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बाहेर पोलीस. ओळखपत्र दाखवून, पिशवी तपासून घेऊन आत जावं लागतं. २६ नोव्हेंबर २००८ ला नरीमन हाऊसमध्ये जे झालं त्यानंतर यात कुणी सूट मागू नये, असंच मला वाटतं. जेकब सॅसूनने आपल्या वडिलांच्या, एलियासच्या स्मरणार्थ १८८४ साली हे बांधलं. प्रार्थनेचं दालन पहिल्या मजल्यावर आहे, त्याच्या वर बायकांसाठी सज्जा. खांबांना पांढरा नि निळा रंग, आणि रंगीत काचांतून येणारा उजेड दुपारी फरशीवर सरकत राहतो. २०१९ साली डागडुजी पूर्ण झाली आणि ती मन लावून केलेली आहे हे कोपऱ्याकोपऱ्यात कळतं.

तरीही बाहेर पडताना मनात एक रुखरुख होती. मुंबईतले ज्यू म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एवढंच येतं: सॅसून, त्यांची श्रीमंती, त्यांच्या देखण्या इमारती. ती श्रीमंती कापसाबरोबर अफूच्याही व्यापारातून आली, हेही त्या पुतळ्यासमोर उभं राहून आठवायला हवं. पण बगदादी घराणी या शहरात नेहमीच मोजकी होती. इथल्या ज्यूंमध्ये संख्येने मोठे ते बेने इस्रायली, आणि ते तर आपल्या रायगड जिल्ह्यातले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, चेऊलकर, नवगावकर. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्या संस्था पाहायच्या तर काळाघोडा सोडून मांडवीला जायला हवं.

गुरुवार

शाळेतून लवकर सुटले आणि मशीद बंदरला उतरले. या स्टेशनाचं नाव बेने इस्रायलींच्या प्रार्थनास्थळावरून पडलं असं सांगितलं जातं, कारण जुने लोक सिनेगॉगलाही मशीदच म्हणत. सॅम्युएल स्ट्रीटवर हातगाड्या, माथाडी, घाऊक मालाच्या गोणी. दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत. त्या गर्दीत शाआर हाराहामीम, म्हणजे मुंबईतलं सर्वांत जुनं सिनेगॉग. मूळचं १७९६ चं, आताच्या जागी १८६० पासून.

ते बांधणारा सॅम्युएल इझिकेल दिवेकर. गावाकडच्या तोंडी समाजी हसाजी दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीतला अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडला. सुटून आला तर देवाचं घर बांधीन असा त्याने नवस केला होता, अशी आख्यायिका आहे. सुटला, बांधलं, आणि मग तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या आणायला कोचीला गेला तो तिथंच वारला.

आत मधोमध लाकडी कठड्याचा चौथरा, तिथं उभं राहून तोरा वाचतात. पश्चिमेच्या भिंतीत पडद्यामागे तोराचं कपाट, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला. एका बाजूला संदेष्टा एलियाहूची खुर्ची. मुलाची सुंता आठव्या दिवशी होते तेव्हा ती खुर्ची त्याच्यासाठी मांडलेली असते. एरवी तिच्यावर कुणी बसत नाही.

मी मात्र आज दुसऱ्याच गोष्टीसाठी गेले होते. मी शिक्षिका आहे, आणि मला यात सर्वांत जास्त ओढ वाटते ती शिक्षणाची. कोकणात शेकडो वर्षं राहिलेल्या या लोकांकडे दोनशे वर्षांपूर्वी काय उरलं होतं? शनिवार पाळणं, सुंता, काही सण, खाण्याचे नियम, आणि एक प्रार्थना, ‘शमा’. ग्रंथ नव्हते, हिब्रू येत नव्हतं. सणांची नावंसुद्धा इथलीच झाली होती. खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, शिळा सण. मग १८२६ च्या सुमारास कोचीचे ज्यू गुरुजी आले आणि प्रार्थना शिकवू लागले. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, त्यांतही यांची मुलं बसू लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, ते याच मुलांसाठी. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता, धर्मांतर. मुलं हिब्रू शिकली, मराठी बायबल वाचलं, आणि ज्यू म्हणूनच राहिली, उलट पूर्वीपेक्षा अधिक जाणतेपणी. शिकवणाऱ्याचा हेतू एक आणि शिकणाऱ्याने त्यातून घेतलं भलतंच, हे मी वर्गात रोज बघते आणि मला त्याचा फार आनंद होतो.

पण दुसऱ्यांच्या शाळेवर किती दिवस काढायचे, हा प्रश्न हाईम सॅम्युएल केहीमकर यांना पडला. १८५३ साली त्यांनी शिक्षणासाठी मंडळी काढली, आणि १८७५ साली स्वतःच्या समाजाची इस्रायलाइट स्कूल. इंग्रजी, मराठी, हिब्रू. त्याच माणसाने पुढे आपल्या लोकांचा इतिहास लिहून काढला, १८९७ मध्ये. छापून आला तो ४० वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. तोवर ते हयात नव्हते. सॅसूनच्या पुतळ्याशेजारी केहीमकरांचा निदान एक फोटो लागावा, असं मला मनापासून वाटतं. एकाने पैसा दिला, दुसऱ्याने आयुष्य दिलं.

मांडवीहून टॅक्सीने माझगावला गेले. १९३० च्या दशकात हाँगकाँग-शांघायचे व्यापारी सर एली कदूरी यांनी देणगी दिली आणि केहीमकरांच्या त्या शाळेला त्यांचं नाव लागलं. शाळा सुटायची वेळ होती. फाटकातून मुलं लोंढ्याने बाहेर पडत होती. आज इथं शिकणारी बहुतेक मुलं मुसलमान. भायखळ्याच्या जेकब सॅसून शाळेतही तेच. एक पोरगी मैत्रिणीला पाढे म्हणून दाखवत चालली होती, सतराच्या पाढ्यात अडली, पुन्हा एकपासून सुरू केला. मी तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले. सतरा साते एकशे एकोणीस आलं तेव्हाच मला बरं वाटलं.

या गोष्टीबद्दल लोक हळहळतात. शाळा ज्यूंची आणि ज्यू मूल एकही नाही, असं म्हणतात. मला हळहळ वाटत नाही. १९४८ नंतर समाजातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरात ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत भरली. अशा वेळी शाळेला कुलूप लावून जागा विकणं सोपं होतं. त्यांनी वर्ग चालू ठेवले. संस्था चालवणं म्हणजे हेच, असं मला आज त्या फाटकापाशी अगदी पटलं.

शुक्रवार, उशिरा

सोसायटीतल्या आजींकडे संध्याकाळी बोलावणं होतं. ठाण्यात आता मुंबईपेक्षाही जास्त बेने इस्रायली घरं असतील. इथलं शाआर हाशामाईम १८७९ चं आहे आणि ते आजही गजबजलेलं असतं. आजींच्या नातवाला नोकरी लागली, त्याचा मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा विधी, होता. तो उरकायचा सूर्य मावळायच्या आत, कारण नंतर शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, लागतो.

मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-पिस्त्यांचे काप. त्याचा डोंगर रचलेला, भोवतीने फळं, आणि वर गुलाबाच्या पाकळ्या. आधी एलियाहू हान्नाबीचं, म्हणजे त्याच संदेष्ट्या एलियाहूचं, गाणं सगळ्यांनी हिब्रूत म्हटलं. मग सब्जाची डहाळी हातोहात फिरली. प्रत्येकाने वास घ्यायचा आणि सुगंधासाठी देवाचे आभार मानायचे. मग फळांवरचे आशीर्वाद, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीतून आलेल्याचा वेगळा. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहूच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी यांची श्रद्धा आहे आणि नवस फेडायला लोक तिथं जातात.

आजी कदूरीतच शिकल्या. “अगं बाय, फळ्याच्या एका बाजूला अलेफ-बेत आणि दुसऱ्या बाजूला शुद्धलेखन,” त्या म्हणाल्या. अलेफ-बेत म्हणजे हिब्रू मुळाक्षरं. “मार कुठल्याच्या चुकीला जास्त पडायचा, विचारशील तर शुद्धलेखनाच्या.”

मी फोनवर त्यांना पुण्यात १८७४ साली छापलेल्या हगादाची चित्रं दाखवली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. त्यातल्या एका चित्रात बायका बिनखमिराच्या भाकऱ्या लाटतायत. लुगडं नेसलेल्या, केसांचा अंबाडा घातलेला, जमिनीवर बसून. आजींनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. “पोळपाट बघ आपलाच,” म्हणाल्या, आणि नातवाला हाक मारून त्यालाही बघायला लावलं.

मग बोलणं निघालं ते कीर्तनाचं. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलींनी मराठी कीर्तन सुरू केलं, अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं, पूर्वरंग-उत्तररंगासह, टाळ-पेटीवर. आजींच्या सासूबाईंना योसेफाचं आख्यान तोंडपाठ होतं. स्वतः आजींना दोनच कडवी आठवतात, ती त्यांनी म्हणून दाखवली. मी परवानगी घेऊन रेकॉर्ड केली आहेत. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं, त्याचे अंक त्यांच्या भावाकडून यायचे. ट्रंकेत आहेत, म्हणाल्या. ते अंक एकदा बसून बघायचे ठरलं आहे.

निघताना त्यांनी डॉ. जेरुशा झिराड यांची आठवण काढली. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री. १९१३ साली बेने इस्रायल स्त्री मंडळ त्यांनी काढलं आणि १९२५ साली ज्यूइश रिलिजस युनियन, उदारमतवादी ज्यूंची संस्था. त्या युनियनचं रोडेफ शालोम सिनेगॉग भायखळ्यात आहे. “शाळेचंच बघत फिरतेस, बायकांनी काय केलं तेही बघ की,” असं आजींनी मला बजावलं, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

तर पुढचा फेरा भायखळ्याचा. रोडेफ शालोम, आणि जमलं तर मागेन डेव्हिड सिनेगॉगही. आधी फोन करून परवानगी घ्यायची, आधारकार्ड जवळ ठेवायचं, आणि शनिवार टाळायचा. आजी सोबत येते म्हणाल्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांमुळे लोकल नको, ठाण्याहून टॅक्सीच करू.