गढूळ झालं म्हणजे स्फटिक झाले असं नाही

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला मी फेलोडिपिन घेतलं. ब्लड प्रेशरचं औषध, पण पाण्यात विरघळायचं नाव नाही. मिलीलीटरला जेमतेम 1 मायक्रोग्रॅम. ते मिथेनॉलमध्ये विरघळवून 37 अंशांवरच्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी) सोडायचं आणि अतिसंपृक्त द्रावण, म्हणजे मावतं त्याहून जास्त औषध विरघळलेलं द्रावण, स्फटिक न होता किती वेळ तग धरतं ते बघायचं, एवढंच काम. आईला सांगितलं तर म्हणाली, "पाक साखरू नये म्हणून लिंबू पिळतो, तसं काही घालता का?" घालतो. लिंबाचं रसायन निराळं, पण आमचं लिंबू म्हणजे एचपीएमसी हे पॉलिमर.

मिथेनॉलमधलं मिलीलीटरला 5 मिलिग्रॅमचं मूळ द्रावण, त्यातले 200 मायक्रोलीटर 50 मिलीलीटर बफरमध्ये. म्हणजे मिलीलीटरला 20 मायक्रोग्रॅम. पिपेटच्या टोकाशी दुधाळ धूर उठला आणि बीकर गढूळला. 'लगेच स्फटिक' असं वहीत लिहून मी मोकळी झाले. पण 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून यूव्हीवर (किती प्रकाश अडतो त्यावरून औषध मोजणारं यंत्र) घेतलं, तर जवळजवळ सगळं औषध द्रावणातच! दोन आठवडे मी हेच आकडे ग्राफवर मांडत एचपीएमसीचं कौतुक करत होते.

मॅडमनी ग्राफ बघून एवढंच विचारलं, "500 नॅनोमीटरला रीडिंग घेतलंस?" त्या तरंगलांबीला फेलोडिपिन प्रकाश शोषतच नाही. तरी गाळलेल्या नमुन्यातही रीडिंग आलं. म्हणजे प्रकाश विखुरणारं काहीतरी फिल्टरमधून सरळ पार होत होतं. काचपट्टीवर थेंब घेऊन पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली धरला, तर मिट्ट काळोख. स्फटिक असते तर चमकले असते. हे औषधाचेच सूक्ष्म थेंब होते. फेलोडिपिन मिलीलीटरला 10 मायक्रोग्रॅमच्या आसपास पोचलं की वरचं सगळं असं थेंबांच्या रूपात वेगळं होतं. आणखी कितीही ओता, विरघळलेलं तेवढंच राहतं. अर्थात हे थेंब वाया जात नाहीत. आतड्यात औषध शोषलं जाईल तसे ते विरघळून भर घालतात.

दोन आठवड्यांचे आकडे गेले. गाळणं सोडलं आणि थेंब प्रचंड वेगाने फिरवून तळाशी बसवणाऱ्या, दुसऱ्या विभागाच्या अल्ट्रासेंट्रिफ्यूजसाठी वेळ मागत फिरले. एचपीएमसी नसलेल्या बीकरमधला थेंब दर पाच मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली. पस्तिसाव्या मिनिटाला काळोखात एक ठिपका लखलखला, मग दुसरा. दुसऱ्या दिवशी तेच दहा मिनिटांत! स्टिररच्या बीडवरच्या (द्रावण ढवळणारी चुंबकाची कांडी) ओरखड्यात कालचे स्फटिक चिकटून बसले होते, त्यांच्यावरच नवे लगेच वाढले. तेव्हापासून बीड रात्रभर मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवते.